खर्जाचे स्वगत

इ. स. १८३५ साली इटलीतील मिलान येथील संगीत विद्यालयात शिष्यवृत्तीच्या अवघ्या दोन जागा रिकाम्या होत्या. एक बसून या फुंकवाद्याची आणि दुसरी डबल बेसची. क्रेमा गावच्या एका क्लॅरिनेटवादकाचा मुलगा जोव्हान्नी बोत्तेसिनी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता. तो व्हायोलिन शिकलेला. पण व्हायोलिनची जागा नव्हती. त्याने डबल बेस निवडला, काही आठवड्यांत परीक्षा देण्याइतपत त्यावर हात बसविला आणि प्रवेश मिळविला. पुढे हाच मुलगा 'डबल बेसचा पागानिनी' म्हणून सबंध युरोपात ओळखला गेला. रिक्त पदांची जाहिरात पाहून ज्यांनी आयुष्याची दिशा ठरविली, आणि ती दिशा पुढे कोहिमापासून कोचीपर्यंत कोठेही वळू शकते याचा अनुभव घेतला, त्या आपल्यासारख्या मंडळींना या प्रसंगाचे फारसे नवल वाटू नये.

डबल बेस हे पुरुषभर उंचीचे, उभे राहून वाजवावयाचे तंतुवाद्य. पाश्चात्त्य वाद्यवृंदात त्याचे स्थान मागे, कोपऱ्यात. आणि काम खर्ज धरण्याचे. व्हायोलिनने भराऱ्या माराव्यात, बासरीने नखरे करावेत, आणि त्या सर्वांच्या पायाखाली जमीन आहे एवढी खात्री डबल बेसने देत राहावी, अशी ही विभागणी. इंग्रजीत 'खालचा स्वर' या अर्थाचा शब्द आणि 'पाया' या अर्थाचा शब्द यांचे उच्चार सारखे असले तरी लेखन निराळे आहे. आपल्या लिपीने ते निराळेपणही ठेवले नाही. दोन्ही 'बेस'. याबाबतीत देवनागरी अधिक समंजस म्हटली पाहिजे. आज जिला आपण बेस गिटार म्हणतो ती चार तारांची, विजेवर वाजणारी गिटार ही याच डबल बेसची वारसदार. तिच्या तारा त्याच चार स्वरांत लावलेल्या असतात आणि तिच्याकडून अपेक्षाही त्याच असतात.

प्रश्न असा की, ज्याचे कामच मुळी सर्वांच्या खाली राहण्याचे, तो एकटा पुढे येऊन वाजवू लागला म्हणजे खाली काय उरते?

या प्रश्नाची एक बाजू निव्वळ पदार्थविज्ञानाची आहे. बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाच्या तारेपेक्षाही हा स्वर खालचा. आता मिनिटाला १२० मात्रांची लय धरून एका मात्रेत चार स्वर वाजविले, तर प्रत्येक स्वराच्या वाट्याला सेकंदाचा आठवा भाग येतो. एवढ्या अवधीत ती तार जेमतेम पाच वेळा हलते. पाच हेलकाव्यांत स्वर कोणता हे कानाने ओळखावयाचे! शिवाय खालचे स्वर मोठ्या दालनात लवकर विरत नाहीत. पहिला विरण्यापूर्वी दुसरा त्यावर येऊन बसतो आणि सगळ्याचा गुंजारव होतो. म्हणून एकल वाजविणारा बेसवादक स्वाभाविकपणे पट्टीवर वर वर सरकतो, जेथे स्वर स्वच्छ ऐकू येतात. परंतु तो वर गेला की तळघर रिकामे पडते. जाझ वादकांत एक जुना विनोद आहे. कोणी प्रवासी एका बेटावर उतरतो. रात्रंदिवस ढोल चालू असतात. तो वैतागून विचारतो, हे थांबणार केव्हा? वाटाड्या घाबरून सांगतो, थांबू नयेत अशीच प्रार्थना करा. ढोल थांबले की बेसचे एकलवादन सुरू होते.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी सापडलेले आहे. तबलजी हा जन्माचा साथीदार; पण तो जेव्हा स्वतंत्र वादनाला बसतो तेव्हा सारंगी किंवा पेटी लेहरा धरते. तीच ती ओळ, तालाच्या एका आवर्तनात बसणारी, पुन:पुन्हा. जो रोज पाया होतो त्याच्यासाठी त्या दिवशी दुसरा कोणी पाया होतो. उस्ताद अहमदजान थिरकवा हे कित्येक वर्षे गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला होते आणि तेच पुढे स्वतंत्र तबलावादनाचे मानदंड ठरले, हे मराठी रसिकांना सांगावयास नको. साथ आणि स्वतंत्र वादन यांत आपण वैर मानले नाही. पाश्चात्त्य बेसवादकांना मात्र हा लेहरा स्वत: शोधावा लागला, आणि तो शोधण्याचा इतिहास हाच बेसच्या एकलवादनाचा इतिहास आहे असे मला वाटते.

मला या इतिहासात शिरावे लागले त्याला एक व्यावहारिक कारण आहे. मी शिलाँगला आहे. १८४१ साली टॉमस जोन्स हा वेल्श मिशनरी या खासी डोंगरांत सोहरा येथे आला. त्याच्या मागून आलेल्यांच्या प्रार्थनागीतांनी पाश्चात्त्य स्वरमेळ येथील घराघरांत पोचविला. आता त्याला परके म्हणणेच चुकीचे होईल. लू माजाव हे येथील गायक १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस साजरा करीत आले आहेत. अशा गावात बदलून आलेल्या मराठी कारकुनाने पेटी सोडून बेस गिटार हाती धरली, तर तो दोष हवेचा. आमच्या कर्मचारी मंडळाचा एक छोटा वाद्यवृंद आहे. नाताळापूर्वीच्या वार्षिक कार्यक्रमात बेसला तीन मिनिटे स्वतंत्र द्यावीत असे यंदा ठरले आहे. ढोल वाजविणारे आमचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे येथील रीतीप्रमाणे 'बाह' म्हणून हाक मारतो, येत्या मार्चअखेर साठ वर्षे पूर्ण करून निवृत्त होत आहेत. तेव्हा हा त्यांचा या मंडळातला शेवटचा कार्यक्रम. तीन मिनिटांचा ठराव झाला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की, "तुमची तीन मिनिटे चालू असताना मी कोठे बसू?"

हा प्रश्न मी कोणते वादन शिकावयास घ्यावे याच्याशी इतका थेट भिडतो की, मागे वळून एकेकाने त्याला काय उत्तर दिले ते पाहणे भागच होते.

बोत्तेसिनीच्याही आधी व्हेनिसचा दोमेनिको द्रागोनेत्ती (१७६३–१८४६) होऊन गेला. १७९९ साली व्हिएन्नात त्याची बेथोव्हेनशी गाठ पडली. बेथोव्हेनने चेलोसाठी रचलेला एक सोनाटा द्रागोनेत्तीने त्याच्यासमोर डबल बेसवर वाजवून दाखविला, आणि बेथोव्हेनने वादकाला वाद्यासकट मिठी मारली असे सांगतात. मिठीची कथा सोडली तरी या भेटीचे महत्त्व उरतेच. या खालच्या वाद्याला किती चपळाई साधते हे एका श्रेष्ठ रचनाकाराने जवळून पाहिले. आणि तरीही द्रागोनेत्तीने आयुष्यभर केले ते लंडनच्या वाद्यवृंदांत पाया धरण्याचेच काम. १८४५ साली बॉन येथे बेथोव्हेनच्या पुतळ्याचे अनावरण झाले, त्या समारंभात ब्याऐंशी वर्षांचा हा वृद्ध डबल बेसवाल्यांच्या तुकडीच्या अग्रभागी उभा होता.

बोत्तेसिनीचे उत्तर निराळे. त्याने पाया धरण्याचे काम सरळ दुसऱ्यावर सोपविले. तो तीन तारांचा बेस वाजवीत असे, तारा नेहमीपेक्षा चढवून लावी, पट्टीच्या टोकापर्यंत वर जाई, आणि खाली पियानो किंवा सबंध वाद्यवृंद असे. तो संगीतिकांचा संचालकही होता. २४ डिसेंबर १८७१ रोजी कैरो येथे व्हेर्दीच्या 'आयदा'चा पहिला प्रयोग झाला तो त्याच्याच हाताखाली. मध्यंतरात तो आपला बेस घेऊन रंगमंचावर येई आणि त्याच रात्री चाललेल्या संगीतिकेच्या चालींवर रचलेल्या स्वत:च्या करामती वाजवी. यातली व्यवहारदृष्टी वाखाणण्यासारखी आहे. श्रोत्यांच्या कानांत जी चाल अर्ध्या तासापूर्वी पडलेली आहे, तीच अनपेक्षित वाद्यातून पुन्हा ऐकवावयाची. खालच्या स्वरांत कानाला जे ओळखण्यास कठीण जाते ते स्मरणशक्ती भरून काढते. प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी वादन निवडणाऱ्याने हा धडा विसरू नये. तरीपण खरे सांगावयाचे तर बोत्तेसिनीचे वादन हे बेसचे स्वगत नव्हे. व्हायोलिनची जागा न मिळालेल्या मुलाने मोठेपणी घेतलेला तो गोड सूड होता.

बेसला स्वत:च्या आवाजात बोलावयास लावले ते अमेरिकेतील काळ्या वादकांनी, आणि त्यांतही एका तेवीस वर्षे जगलेल्या तरुणाने. जिमी ब्लँटन १९१८ साली टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे जन्मला. १९३९ च्या उत्तरार्धात सेंट लुईस येथे ड्यूक एलिंग्टनने त्याला ऐकले व आपल्या वाद्यवृंदात घेतले. वृंदात बिली टेलर हा बेसवादक आधीच होता. एलिंग्टनने त्याला काढले नाही. काही आठवडे दोन बेसवाले शेजारी शेजारी उभे राहून वाजवीत. मग त्या पोराशेजारी उभे राहून आपली शोभा करून घेण्यात अर्थ नाही, असे म्हणून टेलर आपण होऊनच निघून गेला. (सेवाज्येष्ठतेच्या यादीवर हरकती न घेता असा मान तुकविणारा मनुष्य सरकारी कचेरीत विरळाच.)

१९३९ च्या नोव्हेंबरात आणि १९४० च्या ऑक्टोबरात एलिंग्टनने ब्लँटनबरोबर केवळ पियानो व बेस अशा द्वंद्वाच्या काही ध्वनिमुद्रिका केल्या. 'पिटर पँथर पॅटर' ही त्यांतली एक. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच वादन मावे. म्हणजे माझ्या वाट्याला आलेला वेळ तेवढाच. या मुद्रिका ऐकताना प्रथम जाणवते ते पियानोचे मौन. एलिंग्टन हा वाद्यवृंदाचा धनी, पण तो दोन शब्द बोलून थांबतो आणि तरुणाला वाक्य पुरे करू देतो. ब्लँटन बोटांनी तार ओढतो तेव्हा स्वर ठोकल्यासारखा येऊन लगेच मरत नाही, तो तंबोऱ्याच्या तारेसारखा लांबतो, आणि एका स्वरातून दुसऱ्यात जाताना अर्थ तयार होतो. त्याच्यापूर्वीचे बहुतेक बेसवादक मात्रा मोजीत. हा मात्रा मोजता मोजता बोलू लागला. १९४० च्या 'जॅक द बेअर' मध्ये तर संपूर्ण वाद्यवृंद एक तुकडा वाजवून थांबतो आणि मोकळ्या जागेत बेस उत्तर देतो; शेवटही बेसच्याच वाक्याने होतो. ३० जुलै १९४२ रोजी ब्लँटन क्षयाने वारला. एलिंग्टनच्या वृंदात तो उणीपुरी दोन वर्षे होता. त्यानंतर जाझमध्ये बेस हाती धरणारा प्रत्येक जण कमीअधिक प्रमाणात त्याचा ऋणी राहिला. १९५७ साली चार्ल्स मिंगसने 'हेशन फाइट साँग' ची सुरुवात एकट्या बेसने केली आणि त्याच्या ओळीवर बाकीची वाद्ये एकामागून एक चढविली. १९५९ साली माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट' मध्ये पॉल चेंबर्सचा बेस मुख्य धून म्हणतो आणि इतर सारे दोन स्वरांत होकार भरतात. दोन्हींचे मूळ ब्लँटनपाशी आहे.

येथपर्यंतचा इतिहास लाकडी वाद्याचा. १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर नावाच्या रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थाने 'प्रिसिजन बेस' हे वाद्य बाजारात आणले. त्याच्याआधीही सिएटलच्या पॉल टटमार्कने १९३० च्या दशकात विजेचा बेस बनविला होता, पण तो रुजला नाही. फेंडरला स्वत:ला गिटार वाजविता येत नसे. त्याला अडचणी कळत. डबल बेस गाडीच्या टपावर बांधून न्यावा लागतो, कर्ण्यांपुढे तो ऐकू येत नाही, आणि पडदे नसल्यामुळे सुरात वाजविण्यास वर्षे लागतात. त्याने सतारीसारखे पडदे बसविले. नावातले 'अचूक' हे विशेषण त्या पडद्यांमुळेच आले. आता बेसवादकाला आवाज मिळाला. पण आवाज मिळाला म्हणून बोलण्याची परवानगी मिळते असे नाही.

डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या तळघरातील ध्वनिमुद्रणगृहात जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) सबंध साठचे दशकभर हे वाद्य उजव्या हाताच्या केवळ एका बोटाने वाजवीत होता. त्या दशकातली अमेरिकेने गुणगुणलेली असंख्य गाणी त्याच्या ओळींवर उभी आहेत. परंतु १९७१ सालच्या मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' पूर्वी मोटाऊनच्या तबकड्यांच्या वेष्टनांवर त्याचे नाव छापले गेले नाही. टिपणी एकाची आणि सही दुसऱ्याची, हा प्रकार फाइलींपुरता नाही तर! १९८३ साली मोटाऊनचा पंचविसावा वर्धापनदिन साजरा झाला तेव्हा जेमरसन काळ्या बाजाराने घेतलेल्या तिकिटावर प्रेक्षकांत बसला होता असे सांगतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला. त्याने एकलवादने मागे ठेवली नाहीत. पण गाण्याखाली दबलेली त्याची ओळ वेगळी काढून ऐकावी, म्हणजे गायक गप्प झाल्यावरसुद्धा गाणे चालूच आहे असा भास होतो. बेसचे एकलवादन शिकू इच्छिणाऱ्याने आधी सहा महिने जेमरसन गिरवावा असे माझे मत आहे, आणि ते कोणी न विचारताही मी सांगत असतो.

सॅन फ्रान्सिस्को भागातील लॅरी ग्रॅहमची कथा तर आमच्या बाहंना फार आवडली. तो आपल्या आईच्या त्रिकुटात वाजवीत असे, आई पियानोवर. ढोलवादक गेला आणि दुसरा ठेवणे परवडेना, तेव्हा पोराने बेसच्या तारेवर अंगठ्याने ठोका मारून मोठ्या ढोलाची आणि दुसरी तार बोटाने ओढून सोडून छोट्या ढोलाची उणीव भरून काढली. आज जगभर जिला 'स्लॅप' म्हणतात आणि जिच्यावर हजारो तरुण दिवसदिवस खर्ची घालतात ती दिखाऊ वाटणारी रीत मुळात एका गैरहजर माणसाचे काम करण्यासाठी निघाली. हे ऐकून बाह म्हणाले, "म्हणजे तुम्हाला माझी गरज नाही, हे आधीच सिद्ध झालेले आहे." ते हसत होते, तरीपण अंगठ्याची वादने मी त्याच दिवशी यादीतून काढली.

यादीत राहिली ती तीन-चार नावे. त्यांत अर्थातच जॅको पास्टोरियस. १९५१ साली जन्मलेल्या, फ्लोरिडात वाढलेल्या या मनुष्याने आपल्या फेंडर बेसचे पडदे उपटून काढले, खाचा भरल्या, वर नौकांना लावतात ते रोगण चढविले, आणि फेंडरने दिलेली अचूकता परत करून तिच्या बदल्यात मींड मिळविली. १९७६ च्या त्याच्या पहिल्या तबकडीचा आरंभ 'डोना ली' या, चार्ली पार्करच्या सॅक्सोफोनने गाजविलेल्या, अत्यंत वेगवान चालीने होतो. सोबतीला फक्त हाताने वाजवावयाचे काँगा. त्याच तबकडीवर 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' हे एकट्या बेसचे वादन आहे, आणि त्याचा चमत्कार मराठी माणसाला चटकन उमजावा. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जुळली म्हणजे तिच्यातून आपोआप गंधार ऐकू येतो; त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तारेच्या अर्ध्यावर, तिसऱ्या हिश्श्यावर, पाचव्या हिश्श्यावर बोट नुसते टेकवून ती छेडली तर असे दडलेले स्वर सुटे होऊन बाहेर येतात. जॅकोने या स्वयंभू स्वरांचीच चाल बांधली, आणि त्यांच्याखाली मूळ जाड तारांचे स्वर ठेवले. तळ आणि शिखर एकाच हातात! पाया कोणी धरावयाचा या प्रश्नाचे इतके सुंदर उत्तर दुसरे नाही. पण हे वादन फार हळवे आहे. ते शांततेत ऐकावयाचे. लाकडी तक्तपोशीवर पत्र्याचे छत असलेल्या, मागे चहाच्या कपांची ने-आण चालू असलेल्या सभागृहात ते स्वर पहिल्या तीन रांगांपलीकडे जाणार नाहीत. जॅको १९८७ च्या सप्टेंबरात, एका क्लबच्या दारावरच्या पहारेकऱ्याच्या मारहाणीनंतर, पस्तिसाव्या वर्षी वारला.

'येस' या इंग्रज वृंदाच्या ख्रिस स्क्वायरचे १९७१ सालचे 'द फिश' हे मला फार दिवस मोहात पाडीत होते. परंतु ते बेसचेच अनेक थर एकावर एक मुद्रित करून घडविलेले आहे, आणि मी एक. तबकडीवरचे वादन आणि मंचावरचे वादन यांतला हा फरक नवशिक्यांच्या ध्यानात उशिरा येतो. शिलाँगच्या तरुणांचा आग्रह क्लिफ बर्टनसाठी होता. १९८२ साली लॉस एंजलिसच्या एका क्लबात दुसऱ्याच वृंदाबरोबर वाजविताना मेटॅलिकाच्या मंडळींनी त्याला ऐकले आणि हा कोण गिटारवाला म्हणून पाहू लागले, तर ती बेस होती. त्यांनी त्याला बोलाविले. त्याने अट घातली की वृंदानेच सॅन फ्रान्सिस्कोकडे बिऱ्हाड हलवावे, आणि वृंद हलला. बदलीचा हुकूम उलटा काढून घेणारा हा एकमेव बेसवादक मला ठाऊक आहे. १९८३ सालच्या त्यांच्या पहिल्या तबकडीवरील त्याचे एकलवादन चार मिनिटांचे. पायाने चालवावयाच्या उपकरणांनी आवाज फाडून, वळवून, त्याने तळाच्या वाद्याला आक्रंदन करावयास लावले आहे. निम्म्यानंतर ढोल येतात आणि तो जो आधार मिळतो तो ऐकण्यासारखा आहे. म्हणजे त्यातही बाहंनी दोन मिनिटे हात बांधून बसावयाचे आणि मग यावयाचे.

उरले जॉन एंटविसल. लंडनच्या 'द हू' या वृंदाचा हा बेसवादक मुळात फ्रेंच हॉर्न व कर्णा वाजविणारा. मंचावर त्याचे तिघे सोबती उड्या मारीत, वाद्ये फोडीत. हा एका जागी खांबासारखा उभा असे, फक्त बोटे चालत. १९६५ साली पीट टाउनशेंडच्या 'माय जनरेशन' या गाण्यात त्याला मधोमध जागा मिळाली. रॉक संगीतातले बेसचे पहिले गाजलेले एकलवादन ते हेच. त्याची घडण पाहावी. गिटार एक छोटा फटकारा मारते आणि थांबते. बेस उत्तर देते. पुन्हा गिटार, पुन्हा बेस. तमाशातला सवाल-जवाबच म्हणा ना. बेसचे तुकडे लहान. दोन तुकड्यांमध्ये श्वास घ्यावयास जागा, त्यामुळे खालचे स्वर एकमेकांवर चढून गढूळ होत नाहीत, मधली गिटार तेवढ्यात दालन धुऊन काढते. 'जॅक द बेअर' मध्ये जे एलिंग्टनच्या सबंध वाद्यवृंदाने ब्लँटनसाठी केले तेच येथे पंचवीस वर्षांनी एका गिटारने केले आहे. आणि मुख्य म्हणजे ढोल थांबतच नाहीत. कीथ मून तळ सांभाळून असतो, आणि पुढे गाणे टप्प्याटप्प्याने वरच्या स्वरांत चढू लागले की सगळे मैदान त्याचेच होते.

या वादनामागची एक गोष्ट एंटविसलने पुढे सांगितली आहे. त्याला हवा होता तो टणत्कार डॅनलेक्ट्रो नावाच्या अमेरिकन बेसच्या बारीक तारांतून येई. त्या तारा वाजविताना तुटत, आणि सुट्या तारा लंडनमध्ये मिळत नसत. तार तुटली की नवे वाद्य घ्यावयाचे. अशी तीन वाद्ये झाली. शेवटी त्याने फेंडर जाझ बेसवर, थोडे सोपे करून, ते तुकडे वाजविले आणि तेच मुद्रित झाले. जग ज्याला आदर्श मानून गिरविते ते या अर्थाने दुसऱ्या पसंतीचे वादन आहे, ही बाब माझ्यासारख्याला धीर देणारी आहे. माझ्या बेसवर साध्याच तारा आहेत.

मंडळाच्या बैठकीत एकच आक्षेप निघाला. गाणे तरुणांनी वडीलधाऱ्यांना ठणकावून सांगितलेल्या गोष्टींचे. आणि ते वाजविणार कोण, तर तिशी ओलांडलेला लिपिक, पन्नाशीचा गिटारवादक आणि साठीचे बाह. पहिल्या रांगेत निवृत्तिवेतनधारक. गायिका कार्यालयातली सर्वांत धाकटी, तेवीस वर्षांची. तिला मात्र काही अडचण दिसेना. बाहंनी कागदावर तुकड्यांचा क्रम उतरवून घेतला, गिटार कोठे थांबणार आणि मी कोठे शिरणार तेथे पेन्सिलीने खुणा केल्या, आणि लय सध्या मूळच्या तीन-चतुर्थांश ठेवण्याचे ठरले. सराव मंगळवारी आणि शुक्रवारी, कार्यालय सुटल्यावर सहा वाजता.